थर्मोस्टॅट काढला की गाडी तापत नाही?

घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला जुनी गाडी तापली, की सल्ला देणारा कुणीतरी भेटतोच: "थर्मोस्टॅट काढून टाका. तो थंड प्रदेशासाठी असतो, ठाण्यात काय काम त्याचं?"

काम आहे. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी साधी झडप. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला पोचलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि कूलंट गार होण्यासाठी पुढच्या जाळीकडे, म्हणजे रेडिएटरकडे जातं. ठाण्यातला ३५ अंशांचा उकाडा आपल्याला नकोसा. इंजिनाच्या हिशेबात तो गारठाच. झडपच नसली तर इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो. तापमान मोजणाऱ्या सेन्सरला ते थंडच वाटतं, म्हणून पेट्रोल जास्त सुटतं, अ‍ॅव्हरेज घसरतं. ऑइलमधला ओलावा उडत नाही, गाळ साचतो.

समजूत रुजली तीही उगाच नाही. झडप बंद अवस्थेत अडकली तर गाडी खरंच तापते आणि काढल्यावर लगेच आराम पडतो. पण मग नवी बसवा ना!

त्याआधी गाडी कधी तापते ते बघा. ट्रॅफिकमध्ये तापून मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येत असेल, तर पहिला संशय फॅनवर किंवा त्याच्या रिलेवर, म्हणजे फॅन चालू करणाऱ्या विजेच्या स्विचवर. वेगात किंवा चढाला तापत असेल, तर रेडिएटर तुंबलेला किंवा वॉटर पंप थकलेला असू शकतो. गळती न दिसता कूलंट कमी होतंय? हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, तपासून घ्या. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हात भाजतो.