डोंगर आला तो वळण झाकायला: मॉडेल रेल्वेच्या देखाव्याची पार्श्वभूमी

मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे रूळ, गाडी आणि देखावा यांची अख्खी मांडणी, पाहताना नजर आधी गाडीवर जाते. थोड्या वेळाने ती गाडी सोडते आणि बोगद्याच्या तोंडावरच्या काजळीवर, पुलाखालच्या ओढ्यावर, फलाटावर ठेवलेल्या पेटाऱ्यांवर रेंगाळू लागते. ही दुसरी नजर या छंदात बरीच उशिरा आली. सुरुवातीची कित्येक दशकं गाडी होती, रूळ होते आणि रुळांखाली खोलीतली फरशी होती.

१८९१ साली जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत चावीची गाडी मांडली. ठरावीक मापाचे आणि पुढे जोडत नेता येतील असे रूळ तिच्यासोबत होते. सुट्या खेळण्याची व्यवस्था झाली ती तेव्हापासून. व्यवस्था आली तशी स्टेशनं, सिग्नल, पूल यांचीही विक्री सुरू झाली. हे सगळं पत्र्याचं, झळझळीत रंगवलेलं असे. एकाचं माप दुसऱ्याशी जुळत नसे, स्टेशनचं दार डब्याच्या दारापेक्षा बुटकं असलं तरी कुणाचं अडत नसे. ती खेळणी सुंदरच होती. पण ती कुठल्याही गावातली नव्हती.

देखाव्याचं खरं मूळ मला कारखान्यापेक्षा घरातच दिसतं. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांत नाताळात ‘पुट्झ’ मांडायची रीत होती. येशूजन्माच्या प्रसंगाभोवती रानातून आणलेलं शेवाळ, दगड आणि लाकडाची खोडं रचून एक छोटा भूप्रदेशच उभा केला जाई. पुढे त्यात घरं आली, अख्खी गावं आली, आणि विजेवरच्या गाड्या घरोघर पोहोचल्यावर त्या याच गावांतून धावू लागल्या. म्हणजे या घरांत गाव आधी होतं, गाडी मागून आली. त्याच राज्यात १९३०च्या दशकात ‘रोडसाइड अमेरिका’ हे भलंमोठं लघुगाव लोकांसाठी खुलं झालं. इंग्लंडमध्ये बीकन्सफील्डला त्याआधीच, १९२९ साली, ‘बेकन्सकॉट’ सुरू झालं होतं. बागेत वसवलेल्या त्या गावातून बॅसेट-लोक कंपनीने उभारलेली रेल्वे फिरत असे.

मग माप आलं. १९३४मध्ये मिलवॉकीहून ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक निघू लागलं, पुढच्याच वर्षी त्याच शहरात अमेरिकेतल्या छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि रूळ, चाकं यांची मानकं ठरू लागली. त्याच सुमारास एचओ हे माप रुळलं: १:८७ प्रमाण, १६.५ मिलिमीटर रुंदीचे रूळ.

प्रमाण ठरलं आणि एक अडचण उघडी पडली. एक किलोमीटर अंतर एचओमध्ये साडेअकरा मीटर होतं. एवढी जागा फार थोड्यांकडे असते, म्हणून गाडी टेबलावरच वळवावी लागते. मेर्क्लिनच्या सर्वांत लहान नेहमीच्या वळणाची त्रिज्या ३६० मिलिमीटर आहे. खऱ्या मापात ती जेमतेम ३१ मीटर भरते, आणि मुख्य मार्गावरची मोठी गाडी अशा वळणावर कधीच जाणार नाही. तेव्हा ते वळण झाकायला त्यावर डोंगर आला आणि डोंगराला बोगदा पडला. टेबलावरच्या रेल्वेला इतके डोंगर का असतात, याचं मोठं कारण हे आहे. गाडी एका भोकातून आत गेली आणि दुसरीकडून थोड्या उशिरा बाहेर आली, की मधलं अंतर पाहणारा स्वतःच्या मनाने भरून काढतो.

या झाकण्याला विचाराची बैठक दिली ती न्यू ऑर्लीन्सच्या फ्रँक एलिसनने. त्याची ओ मापाची (एचओच्या जवळपास दुप्पट) ‘डेल्टा लाइन्स’ १९४०च्या दशकात गाजली. तो लेआउटकडे रंगभूमी म्हणून पाहत असे. डोंगर, घरं हे नेपथ्य, गाड्या ही पात्रं आणि वेळापत्रक ही संहिता. नेपथ्य कशासाठी आहे हे एकदा कळलं, की काय ठेवायचं आणि काय गाळायचं तेही कळतं. दहा कारखान्यांच्या जागी एक, पण त्याला माल चढवायचा धक्का हवाच. खऱ्या मापात ३० मीटरचं झाड एचओमध्ये ३४ सेंटिमीटर होतं आणि दुमजली घर त्यापुढे खुजं दिसू लागतं, म्हणून बहुतेक जण झाडं मुद्दाम बुटकी करतात. डोळ्याला पटावं म्हणून हिशेबात केलेली ही तडजोड आहे.

साहित्य मात्र साधंच होतं. लाकडी सांगाड्यावर तारेची जाळी ठोकायची आणि वर प्लास्टर थापायचं. डोंगर होई, पण जड होई, तडकेही. ‘मॉडेल रेलरोडर’चे संपादक लिन वेस्टकॉट यांनी कवचाच्या पद्धतीचा पुरस्कार केला: चुरगाळलेल्या वर्तमानपत्रांचे बोळे रचायचे, कागदी टॉवेल हायड्रोकल नावाच्या कठीण प्लास्टरमध्ये बुडवून त्यांवर पसरायचे आणि सुकल्यावर खालचे बोळे काढून घ्यायचे. उरतं ते पातळ, पोकळ, तरीही मजबूत कवच. खडकांसाठी खऱ्या दगडावर रबराचा चीक थरांनी लावून साचा काढत आणि त्यात प्लास्टर ओतत. मुठीएवढ्या दगडावरच्या भेगा कड्यावरच्या भेगांसारख्याच दिसतात. निसर्गाची ही गोष्ट मला अजूनही चकित करते.

आता जॉन ॲलन. कॅलिफोर्नियातल्या माँटेरेचा हा माणूस पेशाने छायाचित्रकार होता, आणि त्याच्या कामाची किल्ली तिथेच आहे असं मला वाटतं. त्याची ‘गोरी अँड डॅफेटिड’ जमिनीपासून छतापर्यंत चढत जाई. रूळ एखाद्या कड्याला चिकटून जात आणि खाली दरी थेट फरशीला टेकलेली असे. जागा वाढल्याचा भास व्हावा म्हणून त्याने आरसे बसवले. पण त्याचं मोठं देणं म्हणजे मळ. तोवर मॉडेल म्हणजे नवंकोरं, चकचकीत असं समीकरण होतं. ॲलनने छपरांवर गंज चढवला, फळ्यांचा रंग उडवला, इंजिनांना काजळी लावली. छायाचित्रकाराला ठाऊक असतं की वस्तूचं वय तिच्या पृष्ठभागावर दिसतं. जानेवारी १९७३मध्ये तो गेला आणि काही दिवसांतच आगीत लेआउटचा बहुतेक भाग जळाला. उरली ती छायाचित्रं, आणि पुढच्या पिढ्या शिकल्या त्या प्रामुख्याने त्यांवरूनच.

इमारतींची वाट थोडी वेगळी होती. आधी पुठ्ठा आणि छापील कागद. ब्रिटनमध्ये विटांचा, कौलांचा नमुना छापलेले तक्ते कापून घरं उभी करत, आणि पुठ्ठ्याचे संच तिथे आजही आवडीने जोडले जातात. युद्धानंतर प्लास्टिक आलं. अमेरिकेत बाखमनची ‘प्लास्टिकव्हिल’ घरं गोंदाशिवाय जोडता येत. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाखला फालर बंधूंनी १९४६मध्ये सुरू केलेल्या कंपनीचे प्लास्टिक संच १९५०च्या दशकात घरोघर गेले. प्लास्टिकने गाव वसवणं सोपं केलं, मात्र एकच स्टेशन हजारो टेबलांवर दिसू लागलं. त्यावरचा उतारा म्हणून कारागिरीचे संच आले. १९६७मध्ये जॉर्ज सेलिओस यांनी सुरू केलेल्या ‘फाइन स्केल मिनिएचर्स’च्या पेटीत लाकडाच्या पट्ट्या, धातूचे ओतीव सुटे भाग आणि सविस्तर सूचना मिळत. भिंत एकेक फळी लावून उभी करायची. आज लेझरने कापलेलं लाकूड आणि थ्रीडी छपाई यांनी ते श्रम पुष्कळ कमी केले आहेत.

गवत सर्वांत हट्टी निघालं. वर्षानुवर्षं रंगवलेला लाकडाचा भुसा चाले आणि झुडपांसाठी दगडफुलाच्या वर्गातलं रेनडियर मॉस. ते ठिसूळ होऊ नये म्हणून ग्लिसरीनमध्ये मुरवत. भुसा जवळून भुसाच दिसे. १९७५मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘वुडलँड सीनिक्स’ने दळलेल्या रंगीत फोमचा चुरा लोकप्रिय केला, आणि वेगवेगळ्या छटा मिसळून जमीन रंगवता येऊ लागली. पण फोम पसरतो, उभा राहत नाही. ते काम स्थिरविद्युतने केलं. नायलॉनचे काही मिलिमीटर लांबीचे तंतू विद्युतभारित करून ओल्या गोंदावर सोडले, की ते विद्युतक्षेत्राच्या रेषांच्या दिशेने उभे राहतात. आधी हे प्लास्टिकची बाटली दाबून, घर्षणाने होई. आता हातात धरायचं उच्च दाबाचं उपकरण असतं आणि त्याची दुसरी तार गोंदात खुपसलेल्या खिळ्याला जोडतात. कुरणावर वाऱ्याने झुकल्यासारखी पाती दिसतात ती यामुळे.

या सगळ्यात एक धागा असाही आहे, जिथे गाडी जवळजवळ निमित्तमात्र उरली. १९२५मध्ये ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला आलेल्या रॉय इंग्लंड यांनी तिथल्या व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या ग्रामीण परिसरातली जुनी गवती छपरांची घरं एकेक करून बदलताना, नाहीशी होताना पाहिली. ती जशी होती तशी लघुरूपात तरी राहावीत, या ध्यासातून १९५४मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनमला पेंडन संग्रहालय उभं राहिलं. १:७६ प्रमाणात तिथे १९२०-३०च्या काळातला तो प्रदेश घडवला जातो आहे, बागांतल्या वाफ्यांसकट. जॉन अहर्न यांची ‘मॅडर व्हॅली’ही तिथेच जपून ठेवली आहे. देखाव्याला गाडीइतकंच महत्त्व देणाऱ्या पहिल्या लेआउटपैकी ती एक. रॉय इंग्लंड १९९५मध्ये गेले. त्यांनी पाहिलेल्या घरांपैकी काही आता फक्त त्या काचेआड आहेत, आणि स्वयंसेवक आजही त्या गावांत नवी घरं बांधत आहेत.