खडक नसलेलं बेट

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर १७७० नावाचं एक गाव आहे. गावाचं नावच आकडा, कारण त्या वर्षी जेम्स कुक तिथे किनाऱ्याला लागला होता. या गावातून, किंवा जरा दक्षिणेच्या बंडाबर्गहून, सकाळी बोट सुटते. दीड-दोन तास खुल्या समुद्रात हेलकावे खाते (बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधीच घ्यावी, पोट ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी बहुधा समुद्रालाच मिळते) आणि मग पाणी एकाएकी संथ होतं. प्रवाळाच्या कड्यातल्या चिंचोळ्या वाटेने बोट आत शिरलेली असते. भोवती बाराशे हेक्टरांच्या आसपास पसरलेलं उथळ, फिकट निळं लगून आणि त्याच्या पश्चिम अंगाला दाट झाडीचं एक बेट. हे लेडी मस्ग्रेव्ह. क्षेत्रफळ जेमतेम १४ हेक्टर, म्हणजे ३५ एकर. वस्ती नाही, दुकान नाही, प्यायचं पाणीसुद्धा आपलं आपण न्यायचं. काही तास फिरायचं आणि दिवस मावळायच्या आत परत.

ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळभिंतीच्या दक्षिण टोकाकडच्या कॅप्रिकॉर्न-बंकर समूहातलं हे बेट मकरवृत्ताच्या किंचित खाली येतं. त्यामुळे भूगोलाच्या एखाद्या काटेकोर मास्तरांनी त्याला उष्ण कटिबंधातून वगळलं तर तक्रार करता येणार नाही. प्रवाळांनी ती रेघ मनावर घेतलेली नाही.

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची सवय असलेल्या माणसाला इथे एक गोष्ट खटकायला हवी. या बेटावर दगड नाही. बेसॉल्ट नाही, ग्रॅनाइट नाही, जांभा नाही. वाळूची चिमूट डोळ्यांजवळ धरून पाहिली तर ती वाळूही आपल्या ओळखीची निघत नाही. त्यात बारीक भोकांचे पांढरे तुकडे असतात, ते प्रवाळाचे. पातळ चकत्या असतात, त्या हॅलिमेडा नावाच्या, अंगात चुना साठवणाऱ्या शैवालाच्या. शिंपल्यांच्या कपच्या असतात, आणि फोरामिनिफेरा या एकपेशीय जिवांची कवचं असतात. म्हणजे पायाखालचा प्रत्येक कण कधी ना कधी कुणाच्या तरी शरीराचा भाग होता. अशा बेटांच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी फरशीसारखे कडक थर लागतात, ते पाहून 'हा काय खडक' असं वाटतं. तीही वाळूच, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पाण्यातल्या चुन्याने सांधली गेलेली. काही किनाऱ्यांवर अशा थरांत बाटल्यांच्या काचा अडकलेल्या सापडल्या आहेत, इतकं हे काम झपाट्याने होतं.

मग खाली खरा खडक किती खोल? हा प्रश्न १९३७ साली शेजारच्या हेरॉन बेटावर भोक पाडून विचारला गेला. दोनशे मीटरांहून खोल गेल्यावरही कठीण पाया लागला नाही. दीडशेएक मीटर प्रवाळांचा चुना आणि त्याखाली जुनी वाळू. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होती. आजची रीफ तेव्हा कोरड्या जमिनीवरच्या चुनखडीच्या टेकड्या होती. पाणी चढत गेलं तसे त्या टेकड्यांवर प्रवाळ पुन्हा वाढत गेले. सहा-सात हजार वर्षांपूर्वी पाणी थांबलं, प्रवाळ पृष्ठभागाशी पोचले, आणि मगच वाळू साठायला जागा मिळाली. लाटा रीफला वळसा घालून आडोशाच्या बाजूला एकमेकींना भिडतात, तिथे त्यांचा जोर मोडतो आणि वाहून आणलेला माल खाली बसतो. बेट लगूनच्या मधोमध नसून एका कडेला का, याचं उत्तर हेच.

आपल्याकडे विजयदुर्गपासून समुद्रात शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. तिथेही प्रवाळ आहेत, पण त्याचा माथाच पाण्याखाली वीसेक मीटर आहे. एवढ्या खोलीवर लाटांना वाळूचा ढीग रचता येत नाही, म्हणून बेट नाही.

वाळू तयार करणाऱ्यांत पोपटमाशाचं नाव सगळ्यांत गाजलेलं. तो चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतो, शैवाल पचवतो आणि चुन्याचा भुगा मागे सोडतो. बोटीवरचे गाइड हा किस्सा रंगवून सांगतात. मला मात्र जास्त नवल वाटतं ते लगूनच्या तळाशी पडलेल्या समुद्रकाकडीचं. काळ्या, लोळागोळा झालेल्या या प्राण्याकडे काचेच्या तळाच्या बोटीतून कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. हा वाळू गिळतो, तिच्यातलं सेंद्रिय काय ते घेतो आणि साफ वाळू बाहेर टाकतो. हेरॉन बेटाच्या रीफवर ड्रोनने या काकड्या मोजून २०२१ साली हिशेब मांडला गेला: एका रीफवर वर्षाला ६४ हजार टनांहून जास्त वाळू त्यांच्या पोटातून फिरते.

किनाऱ्याची कड केवडा आणि सुरूने व्यापलेली आहे. कोकणात वनखात्याने लावलेली सुरूची बनं पाहिलेल्याला इथे परकं वाटणार नाही. फरक एवढाच की इथला सुरू मूळचा इथलाच. चार पावलं आत गेलं की उजेड एकदम मंदावतो. मोठमोठ्या मऊ पानांची, जाड बुंध्यांची पिसोनिया ग्रँडिस ही झाडं माथ्यावर छत धरून असतात. बोगनवेल आणि गुलबक्षीच्या कुळातलं हे झाड. लाकूड इतकं मऊ की वादळात सहज मोडतं, आणि मोडून पडलेल्या फांदीला पुन्हा मुळं फुटतात. विणीच्या हंगामात प्रत्येक फांदीवर काळ्या नॉडींची घरटी असतात. नॉडी म्हणजे सुरय पक्ष्यांची नातेवाईक. पिसोनियाची गळलेली पानं विष्ठेने चिकटवून ती घरटं करते आणि त्यात एकच अंडं घालते. झाडाखालून जाताना डोक्यावर टोपी हवी, हा इथला पहिला शास्त्रीय सल्ला.

चुन्याच्या कोरड्या वाळूवर एवढं जंगल पोसतं ते याच टोपीवर पडणाऱ्या मालावर. पक्षी समुद्रात मासे खातात आणि नत्र-स्फुरद बेटावर आणून टाकतात. हे खत इतकं कसदार की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते खणून नेण्यासाठी इथे माणसं येऊन राहिली होती. बुडालेल्या जहाजांतल्या खलाशांना अन्न मिळावं म्हणून कुणीतरी शेळ्याही सोडल्या. त्यांनी झाडोरा फस्त करत आणला. १९७०च्या दशकात त्या हलवल्यावर जंगल सावरलं.

पक्षी आणि झाडाचं नातं मात्र गोडीगुलाबीचं नाही. पिसोनियाच्या फळांना चिकट कडा असतात. आपल्या रानातली पुनर्नवा, म्हणजे घेटुळी, याच कुळातली. तिची बारीक फळं कपड्यांना कशी चिकटतात ते आठवा. पिसोनियाची फळं नॉडीच्या पंखांना घोसाने चिकटतात. थोडी चिकटली तर पक्षी उडतो आणि बी दुसऱ्या बेटावर पोचतं. फार चिकटली तर पक्ष्याला उडता येत नाही, आणि तो झाडाखालीच मरतो. मेलेल्या पक्ष्याचं खत मिळावं म्हणून झाड हे करतं, असं पूर्वी सांगितलं जाई. सेशेल्समधल्या एका बेटावर ही कल्पना तपासली गेली, तेव्हा मृत पक्ष्यांपासून रोपांना वेगळा फायदा दिसला नाही. झाडाला जिवंत, उडणारा पक्षीच हवा असतो. हे मरण म्हणजे वाहतुकीतला अपघात.

खत जंगलातच थांबत नाही, पावसाबरोबर रीफवरही झिरपतं. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवर (लक्षद्वीप ज्या सागरी डोंगररांगेवर आहे तिच्याच दक्षिण टोकाला) २०१८ साली याचा माग काढला गेला. काही बेटांवर जहाजांतून उतरलेले उंदीर होते, काहींवर नव्हते. उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्री पक्ष्यांची दाटी ७६० पट निघाली, आणि त्या बेटांलगतच्या रीफवर माशांचं एकूण वजन जवळजवळ दीडपट. उंदीर झाडावरची अंडी खातो आणि पाण्यातले मासे कमी होतात, हा हिशेब सहज कुणाच्या डोक्यात येणार नाही.

म्हणून बोटीवर चढण्याआधी बूट झटका, पिशवीचे कप्पे तपासा, असं सांगतात तेव्हा ते निमूट करावं. याच समूहातल्या ट्रायन बेटावर १९९०च्या दशकात खवले किडीने पिसोनियाचं जवळजवळ सगळं जंगल बसवलं. ही कीड झाडाचा रस शोषते आणि गोड स्राव टाकते. त्या गोडीसाठी बाहेरून आलेल्या आफ्रिकी मुंग्या तिची राखण करत होत्या. उपाय म्हणून मुंग्या आटोक्यात आणल्या आणि किडीवर क्रिप्टोलिमस नावाचा भुंगेरा सोडला. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना किंवा पुरंदरच्या सीताफळवाल्यांना या भुंगेऱ्याची ओळख करून द्यायला नको. पिठ्या ढेकणावर ते हाच मित्रकीटक सोडतात. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचाच, भारतात १८९८ साली आणलेला.

दिवसाच्या सहलीची खरी गोची अशी की बेटावरच्या मोठ्या घडामोडी रात्री होतात. पायवाटेच्या कडेला जमिनीत बिळं दिसतात, ती शिअरवॉटर पक्ष्यांची. धनी दिवसभर समुद्रावर असतात आणि अंधार पडल्यावर येऊन तान्ह्या मुलांसारखे रडतात. वाळूत ट्रॅक्टर फिरल्यासारखे माग दिसतात, ते आदल्या रात्री अंडी घालून गेलेल्या हिरव्या कासविणीचे. वेळासला ऑलिव्ह रिडले पाहिली असेल तर हिचं वजन तिच्या दुपटीहून जास्त धरा. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. जास्त ऊब म्हणजे माद्या. रीफच्या उत्तर भागातल्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या अल्पवयीन कासवांत ९९ टक्के माद्या आढळल्या. इकडच्या, थंड दक्षिण भागातल्या कासवांत हे प्रमाण ६५ ते ६९ टक्के होतं. प्रवाळांचं सामूहिक प्रजननसुद्धा रात्रीचंच, वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या काही रात्री. एवढा मोठा सोहळा शास्त्रज्ञांच्या नजरेत आला तो थेट १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला.

हा दक्षिण भाग उन्हाच्या तडाख्यातून बराच काळ वाचला होता. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर वर चढून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतात. त्यांचं बहुतेक अन्न तेच बनवतं, रंगही त्याचाच; ते गेलं की पांढरा सांगाडा दिसायला लागतो. २०१६ आणि २०१७ साली उत्तरेकडचे प्रवाळ असे पांढरे पडले तेव्हा इकडे फारसं काही झालं नाही. २०२४ साली मात्र पाळी आली. याच समूहातल्या वन ट्री बेटाजवळ ४६२ प्रवाळ-वसाहतींवर खुणा करून पाळत ठेवली होती. एप्रिलपर्यंत त्यांतल्या ८० टक्के पांढऱ्या पडल्या आणि पांढऱ्या पडलेल्यांपैकी ४४ टक्के जुलैपर्यंत मेल्या.

याचा बेटावर होणारा परिणाम लगेच दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा उलटा वाटू शकतो. मेलेले प्रवाळ ठिसूळ होतात, लाटांनी मोडतात आणि काही वर्षं किनाऱ्याला नेहमीपेक्षा जास्तच माल मिळतो. २०१० साली प्रशांत महासागरातल्या २७ प्रवाळबेटांचे जुने-नवे हवाई फोटो तपासले गेले, तेव्हा समुद्र चढत असूनही ८६ टक्के बेटं होती तेवढीच राहिलेली किंवा वाढलेली निघाली. पण ती वाढ रीफ जिवंत असतानाची. साठलेला भुगा संपल्यावर नवी वाळू किती येणार, हे हॅलिमेडा आणि फोरामिनिफेरा किती तग धरतात आणि प्रवाळांना दोन उन्हाळ्यांच्या मधे सावरायला किती वर्षं मिळतात यावर ठरेल. २०१६ ते २०२४ या काळात ग्रेट बॅरिअर रीफवर प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडण्याच्या पाच घटना झाल्या. मधलं अंतर एकदा एक वर्षाचं, एकदा तीन वर्षांचं आणि दोनदा दोन-दोन वर्षांचं.