ड्रायव्हर एवढा मोठा कसा झाला, आणि कुठे थांबला

माझ्या मामांच्या कपाटात १९७०च्या दशकातला एक ड्रायव्हर, म्हणजे गोल्फमध्ये सर्वांत लांब फटका मारायची काठी, अजून उभा आहे. हेड, म्हणजे काठीच्या टोकाचा गोळा, पर्सिमनच्या लाकडाचं, गडद चॉकलेटी पॉलिशचं, मुठीत मावेल एवढं. फेसच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पुढच्या बाजूच्या, मधोमध लाल तुकडा बसवलेला आणि तो धरून ठेवायला चार स्क्रू. तळाला पितळी पट्टी. हेड आणि शाफ्ट (दांडा) जुळतात तिथे मानेवर काळा दोरा घट्ट गुंडाळलेला. दर पावसाळ्याआधी मामा त्या हेडला वार्निशचा एक हात देतात, कारण लाकडाने पाणी धरलं की ते फुगतं, आणि पुन्हा आकसलं की दोरा सैल पडतो.

त्याच्या शेजारी माझा ड्रायव्हर ठेवला तर मोसंब्याशेजारी पपई ठेवल्यासारखं दिसतं. जुन्या हेडचं आकारमान साधारण १५० घन सेंटीमीटर, नव्याचं ४६०. पण तराजूत टाकलं तर दोन्ही हेड २०० ग्रॅमच्या आसपास. वजन तेवढंच आणि आकार तिप्पट. नवा ड्रायव्हर घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात जे काही सांगितलं जातं, त्यातलं बहुतेक या एका फरकातून आलेलं आहे. आणि हा फरक वाढत वाढत कुठल्या वर्षी थांबला, हे ठाऊक असलं की निवड करताना डोक्यावरचं निम्मं ओझं उतरतं.

सुरुवात अर्थातच स्कॉटलंडमध्ये. तिथे ड्रायव्हरच्या जागी जो क्लब (गोल्फची काठी) असे त्याला 'प्ले क्लब' म्हणत. लांब नाकाचं निमुळतं हेड, बीच, सफरचंद किंवा पेअरच्या लाकडाचं; पाठीत शिसं ओतलेलं आणि पुढच्या तळकडेला मेंढ्याच्या शिंगाची पट्टी. सेंट अँड्र्यूजच्या ह्यू फिल्प यांनी घडवलेले असे क्लब आज संग्रहालयात ठेवतात. त्या काळी चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत ठासलेली पिसं. तो मऊ असे, म्हणून एवढं नाजूक हेड टिकत असे.

१८४८च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. मलाया भागातल्या झाडाचा हा चीक. सेंट अँड्र्यूजमध्ये अशी आख्यायिका सांगतात की पौर्वात्य देशांतून विष्णूची एक मूर्ती पाठवलेली आली, ती गटापर्चाच्या तुकड्यांत बांधलेली होती, आणि रॉबर्ट पॅटरसन नावाच्या विद्यार्थ्याने ते तुकडे तापवून पहिला चेंडू वळला. गोष्टीत किती तथ्य ते बाजूला ठेवू. चेंडू मात्र खरा, स्वस्त आणि दगडासारखा टणक होता. लांब नाकाची हेडं त्याने फुटू लागली. मग हेड आखूड आणि जाड झालं, फेसवर चामड्याचे तुकडे बसू लागले, आणि १८८०च्या दशकात 'बल्गर' आला, म्हणजे फेस किंचित फुगीर केलेला ड्रायव्हर. तो फुगवटा आजच्या प्रत्येक ड्रायव्हरवर आहे. चेंडू फेसच्या टोकाला लागला की हेड फिरतं आणि चेंडूला उलट दिशेची फिरकी बसते. फुगवट्यामुळे चेंडू आधी जरा बाहेर निघतो आणि त्या फिरकीने आत वळून येतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या सुतारांनी हे हाताने शोधून काढलं होतं.

१८९८मध्ये अमेरिकेत, ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात, कोबर्न हॅस्केल यांच्या डोक्यातून रबराचा धागा गुंडाळलेला चेंडू निघाला. चेंडू बदलला की क्लब बदलायचा, हा क्रम पुन्हा चालला. आता टणक आणि घट्ट रेषांचं लाकूड हवं होतं. ते मिळालं अमेरिकन पर्सिमनमध्ये. विदर्भात ज्याची पानं विडीला वळतात त्या टेंभुर्णीच्या, म्हणजे तेंदूच्या, कुळातलंच हे झाड. दोघांची प्रजाती (जीनस) एक, आबनूसही त्याच घरातलं. हेड पर्सिमनचं आणि दांडा हिकरीचा अशी जोडी ठरली. पुढे दांडा पोलादी झाला: अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, यूएसजीएने, १९२४मध्ये परवानगी दिली, अमेरिकेबाहेरचे नियम बघणाऱ्या सेंट अँड्र्यूजच्या आर अँड एने १९२९मध्ये. हेड मात्र आणखी पन्नास वर्षं लाकडाचंच राहिलं.

या लाकडी हेडची अडचण काय होती? ते भरीव होतं. वजन सगळं मध्यभागी गोळा झालेलं. पितळी परात मधोमध बोटावर तोलून धरा आणि कडेला टिचकी मारा, ती सावकाश हलते, कारण तिचं वजन कडेपर्यंत पसरलेलं असतं. तेवढ्याच वजनाचा वरवंटा बोटावर धरला तर टिचकीसरशी फिरतो. भौतिकशास्त्रात याला जडत्व आघूर्ण म्हणतात, गोल्फवाले नुसतं 'एमओआय' म्हणतात. पर्सिमनचा ड्रायव्हर वरवंट्यासारखा होता. मधोमध लागला तर त्याच्या आवाजासारखा आवाज नाही, हे मामा सांगतात आणि मी ऐकलंही आहे. पण बोटभर बाजूला लागला की हेड हातात वळायचं आणि चेंडू झाडीत जायचा.

१९७९मध्ये गॅरी अ‍ॅडम्स यांनी इलिनॉयमध्ये टेलरमेड कंपनी काढली आणि स्टेनलेस स्टीलचा पोकळ ड्रायव्हर बाजारात आणला. लोकांनी त्याला 'पिट्सबर्ग पर्सिमन' असं नाव ठेवलं, कारण पिट्सबर्ग म्हणजे पोलादाचं शहर. पोकळ असल्यामुळे वजन कवचात, म्हणजे कडेला गेलं. वरवंट्याची परात होऊ लागली. १९८१मध्ये रॉन स्ट्रेक यांनी ह्यूस्टन ओपन जिंकली ती धातूच्या ड्रायव्हरने. पीजीए टूरवरचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमधला, धातूच्या 'वूड'चा हा पहिला विजय मानतात. शब्द 'वूड'च राहिला, आजही आपण तोच वापरतो.

मग एली कॅलावे. आधी कापडधंद्यात, मग कॅलिफोर्नियात द्राक्षाच्या मळ्यात आणि वाइनमध्ये, आणि साठी ओलांडल्यावर गोल्फच्या काठ्यांत. १९९१मध्ये त्यांच्या कंपनीने 'बिग बर्था' आणला, पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचं नाव दिलेला, १९० घन सेंटीमीटरचा. आज तो आकार फेअरवे वूडएवढा, म्हणजे ड्रायव्हरहून लहान काठीएवढा, वाटतो, तेव्हा लोकांना अवाढव्य वाटला. पण हौशी खेळाडूला पहिल्यांदा टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहताना धीर आला. मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत माणुसकीचा टप्पा हाच वाटतो. त्याआधीचा ड्रायव्हर चुकीला शिक्षा करत असे, आणि नवख्यांपैकी कित्येकजण तो पिशवीतून काढायलाच घाबरत. १९९३ची मास्टर्स बर्नहार्ड लांगर यांनी पर्सिमनने जिंकली. मोठ्या स्पर्धेतला लाकडी ड्रायव्हरचा तो शेवटचा विजय मानतात. १९९५मध्ये 'ग्रेट बिग बर्था' टायटॅनियममध्ये आला. जपानी कंपन्यांनी हा धातू ड्रायव्हरमध्ये आधीच वापरला होता, पण घराघरात पोचवला याने. टायटॅनियमची घनता पोलादाच्या सहा दशांशांहूनही कमी, ताकद भरपूर; तेवढ्याच वजनात कवच आणखी मोठं करता येतं आणि फेस आणखी पातळ.

आणि फेस पातळ झाल्यावर वेगळंच काही सुरू झालं.

फटका बसतो तेव्हा ऊर्जा सर्वांत जास्त वाया जाते ती चेंडू चेपण्यात. फेस किंचित आत दबला आणि परत उसळला, तर चेंडू कमी चेपतो आणि ऊर्जा वाचते. एवढ्या वर्षांत क्लब फक्त मारत होता, आता तो चेंडूला ढकलूनही देऊ लागला. यूएसजीएने १९९८मध्ये यावर मर्यादा आणली. प्रत्यावस्थान गुणांकाचा, म्हणजे फेसची उसळी मोजणाऱ्या 'सीओआर'चा, ०.८३० हा आकडा तेव्हापासूनचा. पण आर अँड एने तेव्हा अशी मर्यादा घातली नाही. त्यामुळे काही वर्षं गोल्फच्या जगात दोन कायदे नांदत होते. कॅलावेचा 'ईआरसी' ड्रायव्हर अमेरिकेत नियमबाह्य आणि उरलेल्या जगात चालणारा. २०००मध्ये थोर खेळाडू आर्नल्ड पामर यांनी 'ईआरसी २'ची बाजू घेतली, मौजेसाठी खेळणाऱ्याला चार यार्ड जास्त मिळाले तर कुणाचं काय बिघडलं, अशा अर्थाची, आणि त्यांच्यावर बरीच टीका झाली. भारत आर अँड एच्या छत्राखाली, म्हणून आपल्याकडच्या गोल्फ मैदानांवरही असे ड्रायव्हर सर्रास दिसत. शेवटी दोन्ही संस्थांचा मेळ बसला आणि १ जानेवारी २००८पासून सगळ्यांना एकच मर्यादा लागू झाली. म्हणून आज जुना ड्रायव्हर सेकंडहँड घेत असाल आणि स्पर्धा खेळायच्या असतील, तर तो मान्यताप्राप्त हेडांच्या यादीत आहे का हे आधी बघा. ती यादी दोन्ही संस्था प्रसिद्ध करतात.

दरम्यान बाकीची कुंपणंही घातली गेली. २००४मध्ये हेडला ४६० घन सेंटीमीटरची मर्यादा आली, काठीच्या एकूण लांबीला ४८ इंचांची. उसळी मोजायला लोलकाची सोपी चाचणी आली. पोलादी गोळा फेसला किती मायक्रोसेकंद टेकून राहतो ते ती मोजते. २००६मध्ये उभ्या अक्षाभोवतीच्या एमओआयलाही ५९०० ग्रॅम-वर्ग सेंटीमीटरची मर्यादा पडली. २०२२पासून व्यावसायिक स्पर्धांना ही लांबी ४६ इंचांवर आणण्याची मुभा मिळाली.

हे सगळे आकडे सांगण्याचं कारण एकच. मधोमध लागलेल्या फटक्याला मिळणारी उसळी गेली वीस वर्षं कायद्याने बांधलेली आहे, आणि सगळ्या मोठ्या कंपन्या त्या रेषेला टेकून उभ्या आहेत. 'मागच्यापेक्षा दहा यार्ड जास्त' असं दरवर्षी कानावर येतं. ते दरवर्षी खरं असतं तर मी आज पुण्यातून मारलेला चेंडू लोणावळ्यात पडला असता. २०१९च्या 'द ओपन' स्पर्धेत झँडर शॉफली यांचा ड्रायव्हर चाचणीत नापास झाला होता. वापरून वापरून फेस झिजतो, सैलावतो आणि मर्यादेबाहेर उसळू लागतो. म्हणजे जुना ड्रायव्हर मरगळत नाही. तडा जाईपर्यंत तो उलट जिवंत होत जातो.

मग २००४नंतर कंपन्यांनी केलं काय? त्यांनी वजन हलवायला सुरुवात केली. त्याच वर्षी टेलरमेडचा 'आर७ क्वाड' चार सुट्या स्क्रू-वजनांसह आला. २००८च्या नियमांनी लॉफ्ट (फेस मागे किती कललेला आहे तो कोन) आणि फेसचा डावा-उजवा कोन बदलता येणारी मान मान्य केली. मधल्या काळात चौकोनी हेडंही आली आणि गेली. २०२२मध्ये टेलरमेडने फेसच कार्बनचा केला. २०२४मध्ये पिंग आणि टेलरमेड या दोघांनीही दोन अक्षांचं एमओआय मिळून दहा हजारांवर नेलं. ही प्रगती खरी आहे आणि मोलाची आहे, पण ती बाजूला लागलेल्या फटक्यासाठी आहे. तुमचा ड्रायव्हर दहा वर्षांपूर्वीचा असेल तर फरक जाणवेल. तीन वर्षांपूर्वीचा असेल, तर पैसे दुसरीकडे लावावेत असं माझं ठाम मत आहे.

दुसरीकडे म्हणजे फिटिंगवर, काठी आपल्या मापाची करून घेण्यावर. २००३मध्ये डेन्मार्कमध्ये ट्रॅकमन कंपनी सुरू झाली आणि रडारने चेंडूचा वेग, उडण्याचा कोन, फिरकी मोजता येऊ लागली. त्यातून एक गोष्ट उघड झाली जी आधी फार थोड्यांना माहीत होती. ट्रॅकमनच्या जुन्या सरासरीत पीजीए टूरच्या पुरुषांचा हेडचा वेग ताशी ११३ मैल आणि चेंडू उडण्याचा कोन १०.९ अंश, एलपीजीएच्या महिलांचा वेग ९४ मैल आणि कोन १३.२ अंश. वेग कमी तर चेंडू वर न्यायला कोन जास्त हवा. आपल्यासारख्या हौशी पुरुषांचा वेग त्या महिलांच्या वेगाजवळ असतो, पण आपण ड्रायव्हर घेतो तो टीव्हीवरच्या पुरुषांचा बघून.

मीही तेच केलं होतं. ९ अंशांचा लॉफ्ट, स्टिफ शाफ्ट, पावणेसेहेचाळीस इंच लांबी. चार वर्षं माझा चेंडू खाली खाली जाऊन उजवीकडे पडत होता आणि मी स्विंगला दोष देत राहिलो. प्रशिक्षक बदलला, ग्रिप बदलली, घरी आरशासमोर उभा राहिलो. ती चार वर्षं मला परत हवी आहेत.

फिटरने आधी मशीनकडे पाहिलंच नाही. पायाला मारतात त्या पावडरचा फवारा त्याने फेसवर मारला आणि दहा चेंडू मारायला सांगितले. पांढऱ्या फेसवर दहा डाग उमटले, हीलपासून (दांड्याकडची बाजू) टोपर्यंत (बाहेरचं टोक) विखुरलेले, चार तर अगदी तळाला. तो म्हणाला, "सर, हेड चांगलं आहे. काठी तुम्हाला लांब पडतेय." त्याने तोच ड्रायव्हर एक इंच कापला, मऊ शाफ्ट टाकला, मान फिरवून लॉफ्ट साडेदहा अंशांवर आणला. कापल्यामुळे हेड हलकं लागायला लागलं, म्हणून शिशाची पट्टी कात्रीने कापून त्याने हेडच्या पाठीला चिकटवली, अंगठ्याने दाबत दाबत, दहा ग्रॅमच्या आसपास. फेस पुसून पुन्हा पावडर मारली आणि पुन्हा दहा चेंडू. या वेळी सात डाग एकमेकांवर चढले होते, दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकले जातील एवढ्या जागेत.