चेंडू वाटेत असतानाच पळायचं

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून एक दृश्य मी कितीदा पाहिलं असेल! समोरच्या संघाचा बचावपटू चेंडू पायात घेऊन उभा. आपला फॉरवर्ड जिवाच्या आकांताने त्याच्यावर धावून जातो, गॅलरी उठून उभी राहते, आणि तो पोहोचायच्या आत चेंडू बाजूच्या सहकाऱ्याकडे गेलेला असतो. फॉरवर्ड तसाच तिकडे वळतो. तिसऱ्या धावेनंतर पोरगं गुडघ्यावर हात टेकून वाकतं. पेठांच्या ईर्ष्येत रग कमी पडत नाही. चुकतं ते गणित.

हाय प्रेसिंग म्हणजे प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलजवळ घेरून चेंडू काढून घेणं. समजा, 20 मीटरचा पास निघाला. सेकंदाला सरासरी 15 मीटर वेग धरला तर चेंडू पोहोचायला साधारण 1.3 सेकंद लागतात. पास निघाल्याचं दिसून पाय हलायला सुमारे 0.2 सेकंद जातात. उरलेल्या वेळात उभ्या जागेवरून निघालेला खेळाडू पाच-सहा मीटर कापतो. म्हणजे पास घेणाऱ्यापासून तो सहा मीटरवर असेल तर चेंडूसोबतच पोहोचेल. बारा मीटरवर असेल तर जवळजवळ एक सेकंद उशीर, आणि मान वर करून पुढचा माणूस हेरायला तेवढा सेकंद पुरतो.

मैदान 105 मीटर लांब. त्यात प्रत्येकाच्या जवळ आपला माणूस ठेवायचा तर संघ आक्रसावा लागतो. 1989 आणि 1990 मध्ये युरोपियन कप जिंकणाऱ्या मिलानचे प्रशिक्षक अरिगो साक्की बचावफळी आणि फॉरवर्ड यांच्यात साधारण 25 मीटरचंच अंतर ठेवायला सांगत. ऑफसाइडच्या नियमामुळे हे जमतं: बचावफळीच्या मागे आधीच जाऊन उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्ध्याला पास घेता येत नाही. धोकाही त्यातच आहे: बचावफळी मध्यरेषेपर्यंत चढली की मागचं अर्धं मैदान एकट्या गोलकीपरच्या भरवशावर.

मला सर्वांत आवडते ती सावलीची युक्ती. वीज गेल्यावर मेणबत्तीपुढे तळहात धरून बघा. हात ज्योतीजवळ नेला की भिंतीवरची सावली मोठी होते. इथे चेंडू म्हणजे ज्योत. दोन्ही बाजूंना पाय टाकून दोन मीटरची वाट अडवणारा फॉरवर्ड चेंडूपासून पाच मीटरवर असेल, तर चेंडूपासून 20 मीटरवर त्याची ‘सावली’ आठ मीटर रुंद पडते. अडीच मीटरवर आला की सोळा मीटर! त्या सावलीतल्या माणसाला जमिनीवरून सरळ पास मिळत नाही. म्हणून 4-3-3 (चार बॅक, तीन हाफ, तीन फॉरवर्ड) रचनेतला विंगर, म्हणजे कडेचा फॉरवर्ड, सरळ न धावता बाहेरून वळसा घेत येतो. कडेच्या बॅकला सावलीत ठेवतो आणि चेंडू मध्ये ढकलायला भाग पाडतो. तिथे तिघे हाफ टपलेले असतात. एक माणूस धावला, अडकले दोघे.

आता शरीराचं. पूर्ण ताकदीच्या धावेला स्नायू मुख्यतः फॉस्फोक्रिएटिन हे झटपट ऊर्जा देणारं, स्नायूतच साठलेलं रसायन वापरतात. हा साठा काही सेकंदांतच उतरतो, आणि पुरता भरून यायला तीन-चार मिनिटं लागतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात नव्वद मिनिटं प्रेस करू म्हणणं व्यर्थ आहे. चेंडू गेल्यावर पाच-सहा सेकंद तुटून पडायचं, नाही मिळाला तर मागे येऊन रांग धरायची.

मग निघायचं कधी? कबड्डीत रेडरची पाठ वळली की कोपरा झेप घेतो, तसंच. समोरच्याचा पहिला स्पर्श चुकला, त्याची पाठ आपल्या गोलकडे झाली, किंवा पास साइडलाइनकडे निघाला, की निघायचं. 1992 पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला बॅकपास गोलकीपरला हातात घेता येत नाही, त्यामुळे तोही इशाराच.

एका सकाळी पेठेतल्या मैदानावर सराव चालला होता. कॉर्नरजवळ गवत उडून खड्डा पडला होता, चेंडू तिथे हमखास उसळायचा. चौदा-पंधरा वर्षांचा एक फॉरवर्ड दोन पास नुसते बघत उभा राहिला. प्रशिक्षक ओरडले, ‘‘पळ की रं!’’ तो हलला नाही. तिसरा पास त्या खड्ड्याकडे निघाला आणि पोरगं सुटलं. चेंडू बॅकच्या नडगीला लागून उडाला तेव्हा ते दोन पावलांवर होतं.