‘बदल’ कोण आणणार? अमेरिकी अधिवेशनातल्या भाषणांमागचा इतिहास

२००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत दोन्ही प्रमुख उमेदवार बदलाचे आश्वासन देत होते. २८ ऑगस्टला डेन्व्हरच्या फुटबॉल मैदानावर सुमारे ८४ हजार लोकांसमोर बराक ओबामा यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी स्वीकारली. आठवडाभराने, ४ सप्टेंबरला, सेंट पॉलमध्ये रिपब्लिकन जॉन मॅकेन यांनी वॉशिंग्टनमधल्या जुन्या, उधळ्या मंडळींना बजावले की बदल येतो आहे. प्रत्येक भाषण ३ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी टीव्हीवर पाहिले. लगेच वाद सुरू झाला. ज्या पक्षाचा अध्यक्ष (धाकटे जॉर्ज बुश) आठ वर्षे व्हाइट हाउसमध्ये बसला आहे, त्याच पक्षाच्या उमेदवाराने, म्हणजे मॅकेन यांनी, बदलाची भाषा करावी का? आणि समोरच्या उमेदवाराच्या, म्हणजे ओबामा यांच्या, आश्वासनांपैकी खरोखर त्याच्या हातात किती आहे? हे दोन्ही प्रश्न २००८ पेक्षा बरेच जुने आहेत.

अध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात ठरतो, पण एकोणिसाव्या शतकात उमेदवार या अधिवेशनाला जातच नसे. पद मागायला आलेला माणूस हावरा वाटेल, असा संकेत होता. अधिवेशन उरकले की पक्षाची समिती त्याच्या घरी जाऊन निवड कळवी आणि तो पत्राने होकार देई. १८६० मध्ये शिकागोला निवड झाल्यावर लिंकन यांना ती स्प्रिंगफील्डमधल्या राहत्या घरी अशीच कळवण्यात आली.

ही रीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी मोडली. १९३२ मध्ये मतदानाच्या चौथ्या फेरीत उमेदवारी मिळताच ते ऑल्बनीहून विमानाने शिकागोला निघाले. वाटेत बफेलो आणि क्लीव्हलँडला थांबे होते, समोरून जोराचा वारा होता, विमानाला उशीर झाला आणि प्रतिनिधी सभागृहात ताटकळत बसले. त्या भाषणातले ‘न्यू डील’ (जनतेला नव्या व्यवस्थेचे वचन) सर्वांच्या लक्षात राहिले. पण पक्षाचा जाहीरनामा आपल्याला शंभर टक्के मान्य आहे, असेही ते त्याच भाषणात म्हणाले होते, आणि त्या जाहीरनाम्यात केंद्र सरकारचा खर्च किमान २५ टक्क्यांनी कमी करण्याचे वचन होते. मार्च १९३३ मध्ये त्यांनी पगार आणि माजी सैनिकांचे भत्ते कापणाऱ्या कायद्यावर सहीही केली. पुढे मदतकार्यांमुळे एकूण खर्च मात्र वाढत गेला. भाषणातली कोणती ओळ खरी ठरेल, हे मंदीने ठरवले.

सत्तेत असलेल्याने बदल मागायचा तर दोष दुसऱ्या कोणावर तरी टाकावा लागतो. हे सर्वांत सफाईने केले ते डेमोक्रॅटिक अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी. १९४८ मध्ये फिलाडेल्फियात पहाटे दोनच्या सुमारास ते बोलायला उभे राहिले. काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, रिपब्लिकनांच्या ताब्यात होती. ट्रूमन यांनी जाहीर केले की २६ जुलैला काँग्रेसचे विशेष अधिवेशन बोलावतो. रिपब्लिकनांनी जाहीरनाम्यात लिहिलेले कायदे आता तिथे करून दाखवावेत. त्या अधिवेशनात फारसे काही झाले नाही आणि प्रचाराला मुद्दा मिळाला. ते जिंकले. माझ्या मते दावा तपासण्याची इतकी सोपी कसोटी त्यानंतर कोणत्याही उमेदवाराने मतदारांच्या हातात दिलेली नाही.

१९५२ नंतर कोणत्याही मोठ्या पक्षाला उमेदवार ठरवायला दुसरी फेरी लागलेली नाही. १९७२ पासून तर निवड प्राथमिक निवडणुकांतच, म्हणजे राज्याराज्यांत होणाऱ्या पक्षाच्या मतदानातच, होते. त्यामुळे भाषण सभागृहासाठी उरले नाही, घरी टीव्ही पाहणाऱ्यांसाठी झाले. १९७२ मध्ये मायामी बीचला उपाध्यक्षपदाच्या मतदानाचा घोळ लांबला, डेमोक्रॅटिक उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांचे भाषण पहाटे तीनच्या सुमारास सुरू झाले आणि देश झोपला होता. त्यानंतर पक्ष वेळापत्रक मिनिटामिनिटाने आखू लागले.

१९८८ चे थोरल्या बुश यांचे भाषण २००८ समजून घ्यायला विशेष उपयोगी आहे. ते रेगन यांचे आठ वर्षे उपाध्यक्ष होते, त्यामुळे बदलाची मागणी त्यांच्या विरोधात जाणार होती. ते म्हणाले, नदीच्या मध्यावर घोडा बदलायचाच असेल तर त्याच दिशेने निघालेला घोडा घ्यावा. देश समाधानी होता, युक्तिवाद चालला. त्याच भाषणात त्यांनी नवे कर लावणार नाही, असे ठासून सांगितले. डेमोक्रॅटिक काँग्रेसशी १९९० मध्ये अर्थसंकल्पाचा समझोता करताना प्राप्तिकराचा वरचा दर २८ वरून ३१ टक्के झाला. १९९२ मध्ये हेच वाक्य त्यांच्याविरुद्ध वापरले गेले. मंदीचा फटका बसलेला होताच. बुश यांना ३७ टक्के मते मिळाली, क्लिंटन यांना ४३.

मॅकेन यांच्यापुढे याहून अवघड गणित होते. ओबामा यांनी भाषणात म्हटले की मॅकेन यांनी ९० टक्के वेळा धाकट्या बुश यांच्या बाजूने मत दिले. आकडा खरा होता, पण तो कसा निघतो हे पाहायला हवे. अध्यक्षांनी आपली भूमिका स्पष्ट केलेली असते अशीच मतदाने यात धरतात, किरकोळ नेमणूक आणि मोठा करकायदा यांचे वजन सारखेच, आणि अनेक वर्षांची सरासरी काढतात. २००५ मध्ये मॅकेन यांचा आकडा ७७ टक्के होता, २००७ मध्ये ९५. त्यांनी २००१ आणि २००३ च्या करकपातींविरुद्ध मत दिले होते. कैद्यांच्या छळाला बंदी घालणारी दुरुस्तीही त्यांचीच. पण २००८ मध्ये त्याच करकपाती चालू ठेवायला ते तयार होते. म्हणजे समर्थक जुन्या मॅकेनकडे बोट दाखवत होते, विरोधक नव्या. दोघांकडे पुरावा होता, म्हणून वाद मिटेना. गुस्ताव्ह वादळामुळे अधिवेशनाचा पहिला दिवस जवळजवळ रद्द झाला आणि स्वतः बुश सभागृहात आले नाहीत, उपग्रहावरून बोलले. अधिवेशनानंतर काही दिवस मॅकेन जनमत चाचण्यांत पुढेही होते. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक कोसळली आणि भाषणांचा परिणाम मागे पडला.

ओबामा यांच्या बाजूची तपासणी वेगळ्या ठिकाणी करावी लागते. आपल्याकडे लोकसभेत बहुमत असलेला पंतप्रधान अर्थसंकल्प मंजूर करून घेतोच. अमेरिकी अध्यक्षाला तशी खात्री नसते. पैसा काँग्रेस देते, आणि तिच्या वरिष्ठ सभागृहात, सिनेटमध्ये, बहुतेक कायद्यांची चर्चा थांबवायला १०० पैकी ६० मते लागतात. म्हणून भाषणातले प्रत्येक आश्वासन ऐकताना आधी पाहावे: हे सहीने होईल की कायद्याने?

क्युबातल्या अमेरिकी तळावरचा, दहशतवादाच्या संशयितांचा ग्वांतानामो तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा आदेश ओबामा यांनी २२ जानेवारी २००९ ला, शपथविधीनंतर दोन दिवसांत, काढला. कैदी हलवायला काँग्रेसने पैसे नाकारले आणि तुरुंग सुरूच राहिला. आरोग्यविम्याचा कायदा २४ डिसेंबर २००९ ला सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झाला. त्याआधी चर्चा थांबवायलाही नेमकी ६० मतेच मिळाली होती, त्यातले एकही कमी पडले असते तर तो अडला असता.

९५ टक्के नोकरदार कुटुंबांना करसवलत, हे अधिवेशनातले वचन तर सर्वांत बोलके आहे. प्रचारात आकडा माणशी ५०० डॉलर, जोडप्याला १,००० होता. फेब्रुवारी २००९ च्या कायद्यात तो ४०० आणि ८०० झाला. रक्कम धनादेशाने न देता पगारातून होणारी करकपात थोडी कमी करून दिली गेली. माणशी ४०० डॉलर म्हणजे पंधरवड्याच्या पगारात साधारण १५ डॉलर. लोक ते लगेच खर्च करतील, साठवणार नाहीत, असा हिशेब होता आणि अर्थशास्त्र म्हणून तो योग्यच होता. पण पगाराच्या पावतीवर ‘सवलत’ अशी वेगळी ओळ नव्हती, त्यामुळे कर कमी झाल्याचे असंख्य लोकांच्या लक्षातच आले नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहातल्या, प्रतिनिधिगृहातल्या, ६३ जागा गमावल्या आणि त्या वर्षाअखेर सवलतीची मुदतही संपली.