शिनतियानदी आणि तियानझीफांग: शांघायच्या दोन जुन्या गल्ल्या

शांघायला जाऊन आलेले बरेच जण "जुन्या गल्ल्या पाहिल्या" असं सांगतात. फोटो बघितले की कळतं, कुणी शिनतियानदीला गेलं होतं, तर कुणी तियानझीफांगला. दोन्ही ह्वांगपू जिल्ह्यातच आहेत. त्याच विटा, तेच दगडी चौकटीतले काळे लाकडी दरवाजे, तीच गर्दी. पण एकीकडे घरांच्या फक्त भिंती उरल्यात, दुसरीकडे संसारही टिकले.

या घरांना 'शिकूमन' म्हणतात. १८६० च्या दशकात, चीनच्या राजसत्तेविरुद्धच्या ताइपिंग बंडाच्या धामधुमीत, लोक शांघायमधल्या परकीय वसाहतींत आश्रयाला आले आणि त्यांच्यासाठी अशी ओळीनं घरं उठू लागली. दरवाजातून आत गेलं की छोटंसं अंगण, मागे स्वयंपाकघर, आणि त्यावर जिन्याच्या वळणावर उत्तरेकडे तोंड केलेली टीचभर खोली. उन्हाळ्यात ती तापायची, हिवाळ्यात गारठायची, म्हणून भाडं कमी. पुढे एका कुटुंबाच्या घरात अनेक बिऱ्हाडं आली. स्वयंपाकघर सामाईक, पण दिवे मात्र प्रत्येकाचे वेगळे: आपल्या शेगडीवर आपला बल्ब, त्याचं बटण आपल्या खोलीत. शिकूमनचं आयुष्य मला त्या बल्बांच्या रांगेत सगळ्यात जास्त दिसतं.

शिनतियानदीत ते आता शोधून सापडायचं नाही. हाँगकाँगच्या शुई ऑन कंपनीनं अमेरिकी वास्तुकार बेन वुड यांच्याकडून हा भाग नव्यानं घडवून घेतला आणि २००१ साली तो खुला झाला. रहिवासी दुसरीकडे हलवले गेले, घरं आतून मोकळी करून तिथे रेस्टॉरंटं आणि दुकानं आली. लगतच्याच एका शिकूमन घरात १९२१ साली चिनी कम्युनिस्ट पक्षाचं पहिलं अधिवेशन भरलं होतं. त्यामुळे तिथे सरसकट पाडापाडी करून टॉवर उभे करता येत नव्हते. काम देखणं झालंय, यात वाद नाही.

तियानझीफांगची गोष्ट उलटी. ताइकांग रस्त्यावरच्या २१० नंबरच्या गल्लीत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चित्रकार चेन यीफेई यांनी जुन्या कारखान्यात स्टुडिओ थाटला. पाठोपाठ इतर कलाकार आले, आणि रहिवाशांनी आपल्याच घरांचे तळमजले भाड्यानं द्यायला सुरुवात केली. ही वस्ती पाडायचा बेत होता, तो मागे पडला. आज तिथेही त्याच त्या भेटवस्तूंची दुकानं फार झालीत, याचं वाईट वाटतं. तरी मान वर करा: विजेच्या तारांच्या गुंत्यात बांबूवर कुणाचे तरी कपडे वाळत असतात. ते कुणाचं तरी घर आहे, खिडकीत कॅमेरा रोखू नका.

वेळ एकाच जागेपुरता असेल तर तियानझीफांगला जा, दुकानं उघडण्याआधी. आणि पायात बळ असेल तर तिथून चालत बूगाओली गाठा. १९३० साली बांधलेल्या या वस्तीत पाहण्यासारखं 'खास' काही नाही. लोक राहतात, म्हणून हळू बोला.