तपकिरी कवच म्हणजे गावरान अंडं? मुळीच नाही

‘तपकिरी दिसलं की गावरानच’ असं धरून आपण वर्षानुवर्षं जादा पैसे मोजतोय, हे मला मनापासून खटकतं. कवचाचा रंग ठरतो कोंबडीच्या जातीवरून. पिंजऱ्यातली संकरित कोंबडीही तपकिरी अंडी घालते. बलक गडद केशरी? तो खाद्यातल्या मक्याचा नाहीतर झेंडूच्या पाकळ्यांचा गुण.

मग न फोडता ओळखायचं कसं? ब्रिटनमध्ये तपासनीसांनी यासाठी अतिनील दिवा वापरलाय. नुकतं घातलेलं अंडं ओलसर असतं. तशातच ते पिंजऱ्याच्या तारांवरून घरंगळलं की कवचावर बारीक समांतर रेषा उमटतात. साध्या उजेडात न दिसणाऱ्या, त्या दिव्याखाली मात्र स्पष्ट. गवतावर घातलेल्या अंड्यावर अशा रेषा नसतात.